विश्लेषण : थॅलेसेमियाच्या मुलांचे पालक उपचारांतले भागीदार, की नुसते ‘नातेवाईक’?

मे महिना आला की महाविद्यालये बंद होतात, रक्तदान शिबिरे रोडावतात आणि रक्तपेढ्यांतला साठा आटतो. याच महिन्यात, ८ मे रोजी, जागतिक थॅलेसेमिया दिन असतो. ज्या घरात थॅलेसेमिया मेजरचे मूल आहे, त्या घराला मात्र दिनविशेषाची आठवण करून द्यावी लागत नाही. तिथे कॅलेंडरवर दर दोन ते चार आठवड्यांनी एक खूण असतेच. त्या दिवशी मुलाला रक्त चढवावे लागते; टाळता येत नाही, पुढे फारसे ढकलताही येत नाही.

असे मूल वर्षातले साधारण २० दिवस रुग्णालयात असते. उरलेले ३४५ दिवस त्याचे उपचार घरी आई-वडीलच करतात. तरीही रुग्णालयाच्या लेखी ते ‘नातेवाईक’. दीर्घ आजाराच्या मुलांसाठी जगभर ‘कुटुंबकेंद्री उपचार’ या पद्धतीचा आग्रह धरला जातो. ही पद्धत काय आहे आणि आपल्याकडच्या पालकांना तिचा अनुभव कितपत येतो?

थॅलेसेमिया मेजर म्हणजे काय?

हा आनुवंशिक रक्तविकार आहे. शरीराला पुरेसे आणि नीट काम करणारे हिमोग्लोबिन तयार करता येत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक (मायनर) असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते. भारतात दरवर्षी सुमारे १० ते १२ हजार मुले हा आजार घेऊन जन्माला येतात, असा अंदाज दिला जातो. बहुतेकांचे निदान पहिल्या दोन वर्षांत होते. मूल फिकट दिसते, खात नाही, पोट फुगते. गावातला डॉक्टर लोहाचे टॉनिक देतो आणि काही महिने त्यातच जातात.

रक्त चढवले की मूल तरतरीत होते, पण इथून दुसरा प्रश्न सुरू होतो. रक्ताच्या एका पिशवीतून शरीरात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते. शरीर स्वतःहून दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम लोह बाहेर टाकते. इंजिनीअरच्या भाषेत सांगायचे तर, नळ पूर्ण सुरू आणि टाकीला निचराच नाही. वर्षाला १५ पिशव्या धरल्या, तरी ३ ग्रॅमपेक्षा जास्त लोह जमा होते; निरोगी प्रौढ माणसाच्या अख्ख्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम असते. हे लोह यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत आणि मुख्य म्हणजे हृदयात साठते. ते काढण्यासाठी औषध लागते. कुणाला रोज पाण्यात विरघळवून रिकाम्या पोटी घ्यायची डेफेरासिरॉक्सची गोळी, कुणाला दिवसातून तीनदा डेफेरिप्रोन, तर कुणाला पोटाच्या कातडीखाली सुई लावून आठ ते बारा तास चालणारा डेस्फेरालचा पंप. यातले काहीही डॉक्टरांसमोर होत नाही. सगळे स्वयंपाकघरात आणि अंथरुणावर होते.

रक्ताच्या दिवशी काय घडते?

माझ्या मावसबहिणीचा मुलगा थॅलेसेमिया मेजर आहे. ताई अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. रक्तासाठी तिला शहरातल्या रुग्णालयात यावे लागते. दोन-तीन वेळा मी सोबत गेलो आहे, त्यामुळे हा दिवस बाहेरून पाहिला आहे.

पहाटेची पहिली एसटी. सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत. मग हिमोग्लोबिन आणि क्रॉसमॅचसाठी नमुना. पिशवी तयार असेल तर बारा-एक वाजता मिळते, नसेल तर रक्तपेढीकडून ‘डोनर आणलाय का’ अशी विचारणा होते. ती होऊ नये. थॅलेसेमियाच्या रुग्णांना बदली रक्तदाता न मागता, मोफत रक्त देण्याचे सरकारी धोरण आहे. पण उन्हाळ्यात फ्रिजच रिकामा असेल, तर धोरण काय करणार? तेव्हा वडील फोनमधली नावे वरपासून खालपर्यंत चाळू लागतात.

पिशवी आली की शीर शोधायची. वर्षानुवर्षे टोचून घेतलेल्या मुलांच्या शिरा सहज सापडत नाहीत. चांगली शीर कोणत्या हाताची, कोपराच्या वर की खाली, हे ताईला पाठ आहे. नवीन सिस्टर आली की ताई सांगते. काही जणी ऐकतात. काही ‘आम्हाला शिकवू नका’ म्हणतात आणि तीनदा टोचल्यावर ताईने सांगितलेल्या जागी येतात.

यानंतरचा भाग घड्याळाशी बांधलेला आहे. रक्त किती वेगाने जावे हे वजनावर ठरते. हिमोग्लोबिन खूप खाली गेलेले असेल किंवा हृदयावर लोहाचा परिणाम झालेला असेल, तर वेग आणखी कमी ठेवावा लागतो. पिशवी शीतकपाटातून बाहेर काढल्यावर चार तासांत संपवावीही लागते. आता समजा पिशवी तीन वाजता हातात आली आणि गावाकडची शेवटची एसटी सहाची आहे. ताईशेजारच्या खाटेवरच्या एका बाईने सिस्टरला ‘जरा जोरात सोडा ना’ अशी विनवणी केलेली मी ऐकली आहे. हृदयावरचा ताण वाढू शकतो हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. तिला एसटी दिसत होती.

नमुना आदल्या दिवशी जवळच्या केंद्रावर घेणे, लांबून येणाऱ्यांची पिशवी आधी काढणे, रविवारी किंवा संध्याकाळी डे केअर सुरू ठेवणे, हे खर्चिक उपाय नाहीत. काही केंद्रे ते करतातही. पण ते करायला आधी कुणीतरी पालकांना विचारावे लागते, की तुम्हाला परत जायला गाडी किती वाजता आहे?

कुटुंबकेंद्री उपचार ही कल्पना कुठून आली?

गंमत म्हणजे, पाश्चिमात्य देशांत तिचा जन्म अगदी उलट परिस्थितीतून झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये रुग्णालयात दाखल मुलाला आई-वडिलांनी भेटायच्या वेळा अत्यंत मोजक्या असत. पालक आले की मुले रडतात, शिस्त बिघडते, संसर्ग होतो, असा समज होता. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातल्या दिवसांवर माहितीपट केला. आईपासून दूर राहिलेले मूल ‘शांत’ होते तेव्हा ते खरे तर खचलेले असते, हे त्यात दिसले. पुढे १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने पालकांच्या भेटींवरचे निर्बंध उठवण्याची शिफारस केली. अमेरिकेत १९८७ मध्ये तत्कालीन सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांनी दीर्घ आजाराच्या मुलांसाठी कुटुंबकेंद्री सेवांची भूमिका मांडली.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकात पालकांचा अनुभव मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. ती आज अनेक देशांत वापरली जाते. पालकांना निर्णयात सामील करून घेतले का, आजाराची सर्वसाधारण माहिती दिली का, आपल्याच मुलाबद्दलची नेमकी माहिती दिली का, वेगवेगळ्या विभागांत ताळमेळ होता का आणि आदराने वागवले का, असे पाच भाग त्यात आहेत. देश कोणताही असो, एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आदराच्या भागात गुण बरे मिळतात, सर्वसाधारण माहितीच्या भागात सर्वांत कमी. म्हणजे डॉक्टर बोलतात नीट, पण सांगत पुरेसे नाहीत.

आपल्याकडे कुटुंब रुग्णालयातच असते. मग अडते कुठे?

कुणाचेही मूल दाखल असू द्या, आई खाटेवर, वडील व्हरांड्यात, मामा औषधांच्या दुकानात. रिपोर्ट आणणे, पिशवी आणणे, स्ट्रेचर ढकलणे, रात्री सलाइन संपत आले की सिस्टरला उठवणे, ही सगळी कामे कुटुंबच करते. तेव्हा आपल्याकडे कुटुंब केंद्रस्थानी आहे असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते फक्त कामाला आहे. निर्णय होतात तेव्हा त्याला बाहेर थांबायला सांगितले जाते.

ताईकडे एक दोनशे पानी वही आहे. रकाने पट्टीने आखलेले. तारीख, वजन, रक्त चढवण्याआधीचे हिमोग्लोबिन, पिशवीचा क्रमांक, किती मिलिलिटर, फेरिटिन, ताप, शेरा. मी चार वर्षे इंजिनीअरिंग केले. इतका स्वच्छ डेटा लॉग कॉलेजात एकदाही ठेवला नाही. रुग्णालयात दर वेळी नवा केसपेपर निघतो, डॉक्टर बदलतात, जुनी फाइल कधी सापडते कधी नाही. त्यामुळे या मुलाची सलग नोंद जगात एकाच ठिकाणी आहे, ती या वहीत.

दोन वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आले की पूर्वी २४ दिवसांनी रक्त लागायचे, ते आता १७ दिवसांनीच लागते आहे. तिने ओपीडीत सांगितले. ‘मूल वाढतंय, होतं असं,’ हे उत्तर मिळाले. पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्या वेळी एका तरुण निवासी डॉक्टरने वही मागून घेतली आणि मोबाइलवर हिशेब केला. वजन २२ किलो, दर वेळी २८० मिलिलिटर. २४ दिवसांच्या अंतराने वर्षाला १५ वेळा, म्हणजे किलोमागे सुमारे १९० मिलिलिटर. १७ दिवसांनी २१ वेळा, म्हणजे २६५ च्या वर. वजन तर वर्षभरात फारसे वाढलेच नव्हते. गरज अशी चढू लागली की प्लीहा मोठी होऊन रक्तपेशी गिळते आहे का, किंवा चढवलेल्या रक्ताविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार झाली आहेत का, हे तपासावे लागते.

सोनोग्राफीत प्लीहा वाढलेली निघाली. रक्त चढवण्याआधीचे हिमोग्लोबिन बरेचदा ७ च्या आसपास जाऊ दिले जात होते, हेही त्याच वहीतून कळले. मार्गदर्शक सूचनांनुसार ते साडेनऊच्या आसपास राखायचे असते. वेळापत्रक बदलले, हिमोग्लोबिन इतके खाली जाऊ देणे थांबले, आणि वर्षभरात अंतर पुन्हा २१ दिवसांवर आले. नवे औषध लागले नाही, यंत्रही लागले नाही. वही आधीच्या दोन खेपांनाही टेबलावरच होती.

माहिती न मिळाल्याने काय बिघडते?

एकच उदाहरण पुरेसे आहे. डेफेरिप्रोन या औषधाने काही थोड्या रुग्णांत पांढऱ्या पेशी अचानक खूप कमी होतात. म्हणून ते घेणाऱ्या मुलाला ताप आला, तर औषध लगेच थांबवून त्याच दिवशी रक्ततपासणी करायची असते. हे माहीत नसलेले पालक काय करतील? जे आपण सगळे करतो तेच. पॅरासिटामॉल देऊन दोन दिवस वाट बघतील. याच औषधाने लघवी लालसर होते, ते निरुपद्रवी असते. पण आधी सांगितले नसेल तर घाबरून औषध बंद करणारे पालक असतातच. दोन्ही गोष्टी सांगायला दोन मिनिटे लागतात. गर्दीच्या ओपीडीत तीच मिळत नाहीत, हे डॉक्टरांच्या बाजूनेही खरे आहे. पण मग एक पानाचे मराठी पत्रक केसपेपरला टाचून द्यायला काय हरकत आहे?

प्रश्न विचारण्याचा हक्क हा सुरक्षेचाही भाग आहे. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या ४ मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे उघड झाले. २०२५ मध्ये झारखंडमधील चाईबासा येथे असेच प्रकरण पुढे आले. रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि हिवताप यांसाठी तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. पण संसर्ग झाल्यानंतरचे सुरुवातीचे काही दिवस साध्या चाचणीत तो सापडत नाही. याला ‘विंडो पीरियड’ म्हणतात. नॅट नावाची चाचणी विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधते, त्यामुळे हा काळ कमी होतो. संपत मात्र नाही. ही चाचणी सगळ्याच रक्तपेढ्यांत होत नाही. आयुष्यात एकदा रक्त लागणाऱ्या माणसाची जोखीम आणि शेकडो पिशव्या घेणाऱ्या मुलाची जोखीम सारखी कशी असेल? त्यामुळे ‘ही पिशवी नॅट केलेली आहे का?’ हा प्रश्न पालकांनी विचारला, तर त्याला आगाऊपणा म्हणता येणार नाही.

दोष कुणाचा?

निदानाच्या दिवशी पालकांना हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतेच, बहुतेकदा आईलाच. ‘तुमच्याकडून आलं का हे?’ जनुकशास्त्राचे उत्तर सरळ आहे. एकट्या आईकडून किंवा एकट्या वडिलांकडून मेजर होत नाही, दोघेही वाहक असावे लागतात. हे वाक्य डॉक्टरांनी सासू-सासऱ्यांसमोर एकदा मोठ्याने म्हटले, तर एका बाईचा संसार वाचू शकतो. ताईच्या बाबतीत ते एका समुपदेशक बाईंनी म्हटले होते. आजाराच्या एवढ्या वर्षांत तिला सगळ्यात जास्त काय उपयोगी पडले, असे विचारले की ती औषधांचे नाव घेत नाही, हेच सांगते.

दुसऱ्या गरोदरपणात काय करायचे, हा निर्णय त्याहून अवघड. गर्भाची तपासणी साधारण १० ते १२ आठवड्यांपासून करता येते. निर्णय पालकांचाच, पण तो घ्यायला वेळेत आणि दटावणीविना माहिती मिळावी लागते. ‘आधी तपासणी का केली नाही?’ या प्रश्नाचा त्या घडीला कुणाला काय उपयोग?

या पद्धतीचा उपयोग होतो, याला पुरावा आहे का?

आहे, पण वाटतो तितका भक्कम नाही. वैद्यकीय पुराव्यांची काटेकोर छाननी करणाऱ्या कोक्रेन गटाने २०१२ मध्ये रुग्णालयातल्या मुलांसाठीच्या कुटुंबकेंद्री उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या निकषांत बसणारा एकच अभ्यास सापडला. ‘पालकांचे समाधान’ मोजणे सोपे, आजारावर झालेला परिणाम मोजणे कठीण. शिवाय परिचारिकांची कमतरता झाकण्यासाठी कामे पालकांवर ढकलली जातात, अशी टीका या पद्धतीच्या अभ्यासकांनीच केली आहे. मनुष्यबळाची ओढाताण असलेल्या आपल्या सरकारी वॉर्डांत हा धोका काल्पनिक नाही.

तरी भारतातलेच एक उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आजारी नवजात बाळांच्या पालकांना आधी प्रशिक्षण देऊन अतिदक्षता कक्षात काळजी घेण्यात सहभागी करून घेण्यात आले. संसर्ग वाढेल ही भीती होती, तो वाढला नाही. घरी जाताना केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण मात्र वाढले. या अनुभवावर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये नवजात शिशू कक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नवजात बाळासाठी जे लिहून झाले आहे, ते दर तीन आठवड्यांनी येणाऱ्या आठ वर्षांच्या मुलासाठी का लिहिले जाऊ नये, हा प्रश्न राहतोच.

कायद्याने काय मिळते?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातील २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल आहेत. त्यासाठी यूडीआयडी कार्ड काढता येते. सरकारी नोकऱ्यांतले दिव्यांग आरक्षण मात्र या रक्तविकारांना मिळत नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ चालते, त्यात पात्र मुलांना १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक असते, हे ध्यानात ठेवूनच त्या वाटेला जावे लागते. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचे थॅलेसेमिया उपचार आणि मुलांच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे केंद्र आहे. जवळच्या रक्तपेढीतला साठा ‘ई-रक्तकोष’ पोर्टलवर पाहता येतो. आणि उपचारांच्या नोंदींची प्रत मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आहे. वही ठेवणाऱ्या पालकांनी ही प्रतही घेऊन ठेवावी.

मूल १२ वर्षांचे झाले की?

अनेक रुग्णालयांत बालरोग विभागाची वयोमर्यादा १२ वर्षे आहे. त्यानंतर तेच मूल, तोच आजार, तीच पिशवी. पण वॉर्ड मोठ्यांचा. तिथे शेजारच्या खाटेवर साठीचे आजोबा असतात, आईला रात्री थांबू देतीलच असे नाही, आणि डॉक्टरांना या मुलाचा इतिहास माहीत नसतो. नेमक्या याच वयात मुले लोह काढायच्या औषधाचा कंटाळा करू लागतात. गोळी बेसिनमध्ये ओतणे, पंप लावला म्हणून सांगणे, हे प्रकार पालकांना चांगले ठाऊक आहेत. फेरिटिन वाढलेले दिसले की ओरडा पुन्हा आईलाच बसतो.

माझा भाचा आता दहा वर्षांचा आहे. बदली व्हायला दोन वर्षे आहेत. हल्ली वहीतला हिमोग्लोबिनचा रकाना तो स्वतः भरतो. त्याचा सात इंग्रजी एकसारखा दिसतो, म्हणून ताई शेजारी अक्षरांतही लिहून घेते.